शिअर झोनमधलं युरेनियम: बोअर टाकण्याआधी खडक कसा वाचायचा

शिअर झोनमध्ये, म्हणजे दोन बाजूंचे खडक सरकून दळल्या गेलेल्या पट्ट्यात, किरणोत्सर्गाचं चांगलं रीडिंग लागलं, की नवखा माणूस पट्ट्याच्या लांबीने, म्हणजे स्ट्राइकच्या दिशेने, बोअर टाकत सुटतो. तिसऱ्या बोअरला खनिज गायब. संपलेलं नसतं, तिरकं खाली गेलेलं असतं. वडोदऱ्यात हे भाकरवडीवरून समजावणं सोपं: न कापलेल्या रोलचं टोक पाहिलं तर दोन बोटांचं वर्तुळ, रोल मात्र हातभर. जमिनीवर आपल्याला दिसतं ते टोक. रोल कुठे पडलाय, हे शोधायचं.

खनिजाचा हा आकार बनतो कसा, ते थोडक्यात. दोन बाजूंचे खडक सरकताना मधला पट्टा दळला जातो. कण बारीक होतात, फेल्स्पारचा अभ्रक आणि बायोटाइटचा (काळ्या अभ्रकाचा) क्लोराइट, म्हणजे हिरवट मऊ खनिज, होतो, पट्टा मऊ पडतो आणि पुढची हालचालही तिथेच होत राहते. त्याच वाटेने गरम पाणी फिरतं. ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम विरघळून वाहतं. फेरस लोह, सल्फाइड किंवा ग्राफाइट भेटलं की ते युरेनिनाइट (युरेनियमचं ऑक्साइड खनिज) होऊन बसतं. झारखंडच्या सिंहभूम शिअर झोनमध्ये, जादुगुडासारख्या खाणींत, ते क्लोराइट-बायोटाइट शिस्टमध्ये (पापुद्र्यांच्या खडकात) आणि चुरडलेल्या क्वार्टझाइटमध्ये मिळतं. प्रत ०.१ टक्क्याहूनही कमी. त्यामुळे आकार चुकला आणि दोन मीटर युरेनियम नसलेला खडक मिसळला, तर हिशेबच बसत नाही.

आधी ताणरेषा, म्हणजे खडक ताणला गेल्याने उमटलेल्या रेघा, मोजा. फोलिएशनचा, म्हणजे खडकाच्या पापुद्र्यांचा, स्वच्छ पृष्ठभाग ओला करा. अभ्रकाच्या किंवा क्वार्ट्जच्या लांबट रेघा दिसतील. त्याच पृष्ठभागावर आडवी स्ट्राइकरेषा खडूने आखा आणि रेघेचा तिच्याशी होणारा कोन, म्हणजे रेक, कोनमापकाने घ्या. एका जागी वीस-पंचवीस रीडिंगं तरी हवीत. इथे दोन फसगती होतात. एक, नंतरच्या फॉल्टचे (सरकलेल्या भेगेचे) ओरखडे ताणरेषा समजले जातात. तुकडा फोडून पाहा: ओरखडा कातडीपुरता असतो, ताणरेषा आतही दिसते. दुसरी फसगत होकायंत्राची. सिंहभूममध्ये खनिजासोबतच मॅग्नेटाइट असतो, सुई ओढली जाते. दिशा लांबच्या खुणेवरून पडताळा, नाहीतर सगळा नकाशा वाकडा.

आता कळीचा प्रश्न: खनिज शिअरच्या आधीचं, चालू असतानाचं, की नंतरचं? आधीचं असेल तर तेही खडकाबरोबर ताणलं जातं आणि ताणरेषेच्या दिशेने लांब होतं. चालू असतानाचं असेल, तर पाणी पट्ट्याच्या उघडलेल्या वळणांत साठतं आणि वळणाचा लांब अक्ष सरकण्याच्या दिशेला साधारण काटकोनात असतो. म्हणजे दोन्हींत नव्वद अंशांचा फरक! नंतरचं असेल तर ते फोलिएशन कापणाऱ्या भेगांत बसतं. पातळ छेदात (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या खडकाच्या चकतीत) युरेनिनाइटचे कण फुटलेले आणि क्लोराइट त्यांना वळसा घालून गेलेला दिसला, तर ते निदान शेवटच्या हालचालीच्या आधीचे. हा प्रश्न सोडवल्याशिवाय बोअरची जागा ठरवू नये.

वळण कुठे उघडलं असेल? वरचा खडक चढून आला असेल (थ्रस्ट), तर सरकण्याचं प्रतल जिथे सपाट होतं तिथे. घसरून खाली आला असेल, तर जिथे उभं होतं तिथे. सरकण्याची दिशा ठरवायला नमुना ताणरेषेला समांतर आणि फोलिएशनला काटकोनात कापा. दुसरा कुठलाही छेद दिशाभूल करतो.

मग गणित. समजा पट्ट्याचा उतार (डिप) ४० अंश उत्तरेला, खनिज ताणरेषेच्या दिशेने लांबलंय आणि रेक पूर्वेकडून ६० अंश. रेषेवरून १०० मीटर खाली गेलात, तर स्ट्राइकवर पूर्वेला ५० मीटर, उत्तरेला ६६ मीटर आणि खोली ५६ मीटर. पुढचा बोअर या बिंदूला छेदेल असा लावा. उभ्या बोअरमध्ये ६ मीटर खनिज लागलं, तर खरी जाडी ६ गुणिले कोसाइन ४०, म्हणजे ४.६ मीटर. दक्षिणेकडे झुकवून जमिनीशी ५० अंशांचा बोअर घेतला, तर तो पट्ट्याला काटकोनात जातो आणि मोजलेली जाडी थेट वापरता येते.

खनिजाच्या पट्ट्यात क्लोराइट मऊ असतो, नेमकी तिथलीच कोअर (बोअरमधून काढलेला खडकाचा दंड) वाहून जाते. म्हणून बोअरचं गॅमा लॉगिंग, म्हणजे आत यंत्र सोडून गॅमा किरण मोजणं, हवंच. पण गॅमा येतो तो मुख्यतः युरेनियमच्या साखळीतल्या बिस्मथ-२१४ पासून, १.७६ एमईव्ही ऊर्जेला. पृष्ठभागावर युरेनियम धुऊन गेलेलं आणि रेडियम मागे राहिलेलं असू शकतं. तेव्हा काउंट भरपूर, धातू कमी. काही कोअर रासायनिक तपासणीला पाठवावीच लागते. थोरियमची २.६२ एमईव्हीची रेषाही वेगळी काढा.

युरेनियम हे अणुखनिज. त्याचा शोध घेण्याचं काम अणुखनिज संचालनालयाचं, आपलं नव्हे. हात बसवायला मात्र वडोदऱ्याजवळ चंपानेर गटाचे फिलाइट आणि क्वार्टझाइट हे खडक आहेत, शिवराजपूर-जांबुघोडा बाजूला. पावागड चढू नका, तो ज्वालामुखीचा खडक आहे, तिथे ही ताणरेषा मिळायची नाही. जांबुघोड्याला अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी घ्या आणि हातोडा पिशवीतच ठेवा. रेक मोजायला तो लागत नाही.