रेडिएटरचा विजेचा पंखा फिरत नसेल तर: तपासणीची तयारी

गाडी महामार्गावर ऐंशीच्या वेगाने धावत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. विजेच्या पंख्याची खरी गरज भासते ती टोलनाक्याच्या रांगेत, सिग्नलवर किंवा खंबाटकीसारख्या घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये चढताना. त्यामुळे पंखा बंद पडल्याचे अनेक दिवस कळतच नाही आणि कळते तेव्हा तापमानाचा काटा वर गेलेला असतो. मग ‘मोटर जळली’ असे ठरवून थेट नवी मोटर आणली जाते. वास्तविक मोटरचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा, कारण तिच्या आधी फ्यूज, रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), तापमान ओळखणारा सेन्सर, कपलर (तारांचा प्लास्टिकचा जोड) आणि अर्थ (गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेली ऋण बाजू) अशा कितीतरी स्वस्त जागा आहेत.

तपासणी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सुरू करावी. रेडिएटरचे झाकण साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळे आतले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले तर कूलंट क्षणात उसळून हातातोंडावर येते. दुसरी काळजी पंख्याचीच आहे. अनेक गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून पात्यांजवळ हात नेण्याआधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी आणि मोजमाप किंवा चाचणी करण्यापुरतीच ती पुन्हा जोडावी.

जवळ डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, बारीक पॉलिश पेपर, त्याच क्रमांकाचा एक जादा रिले, त्याच अँपिअरचे दोन फ्यूज, फ्यूज लावलेल्या दोन जाड तारा आणि आपल्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा असावा. यांत हेडलाइटचा एक जुना पण चालू बल्ब अवश्य ठेवावा. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे आतून सडून एखादाच धागा शिल्लक राहिलेली तारही त्यावर ऐटीत १२ व्होल्ट दाखवते. ५५ वॅटचा बल्ब मात्र साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. तार कमजोर असेल तर तो मिणमिणतो आणि दोष उघडा पडतो. लहान गाडीच्या पंख्यालाही दहा अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह सहज लागतो, म्हणून मल्टिमीटर प्रवाहाच्या खुणेवर लावून पंख्याच्या मार्गात कधीही जोडू नये.

पंखा त्या वेळी फिरायलाच हवा होता का, हे आधी ठरवावे. बहुतेक गाड्यांत तो ९५ ते १०० अंशांच्या आसपास सुरू होतो, तेव्हा काटा मध्यावर असताना तो शांत असेल तर त्यात बिघाड नाही. कूलंटची पातळीही पाहावी. ती घटली किंवा आत हवा अडकली, तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि इंजिन तापूनही पंख्याला आज्ञा मिळत नाही. त्यानंतर इंजिन चालू करून एसी लावावा. एकच पंखा असलेल्या गाडीत एसीबरोबर तो फिरला, तर मोटर आणि तिची तार ठीक असून संशय सेन्सरकडे वळतो. एसी लावूनही तो न फिरल्यास मात्र घाईने निष्कर्ष काढू नये, कारण एसीचा गॅस कमी असला तरीही तसे घडते.

यानंतरची चाचणी सर्वांत मोलाची. पंख्याचा दोन तारांचा कपलर सोडवून मोटरला बॅटरीवरून थेट वीज द्यावी. (पंख्यावर नियंत्रक बसवलेल्या, अधिक तारांच्या नव्या गाड्यांत हे करू नये.) मोटर फिरली तर दोष कपलरच्या अलीकडे, म्हणजे बॅटरीकडून येणाऱ्या मार्गात आहे आणि निम्मे काम संपले. न फिरल्यास पाते हाताने फिरवून पाहावे: ते अडखळते का, दांडा हलतो का? लाकडी मुठीने मोटरवर हलकेच ठोकल्यावर ती सुरू झाली, तर मोटरमधले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे घासते तुकडे) झिजले आहेत असे समजावे. ती सुरू झाली म्हणून तशीच वापरत राहू नये.

मोटर ठीक निघाल्यास कपलरची प्लास्टिकची कड निरखावी. तपकिरी पडलेली कड किंवा पिनांवरची हिरवी भुकटी सैल जोड सांगते. उंदरांनी कुरतडलेली तार आपल्याकडे पावसाळ्यात नेहमीची. फ्यूज जळला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही लगेच गेल्यास मोटर जाम आहे किंवा तार कुठे तरी अर्थला लागली आहे, आणि तिथे मोठा फ्यूज घालणे किंवा तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे गाडी पेटवण्याचीच सोय. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांमधला, म्हणजे आतल्या कॉइलचा रोध साधारण ५० ते १२० ओहम भरतो. कॉइल शाबूत असून ‘टक’ आवाज येत असला तरी ३० आणि ८७ या पिनांमधले, मोटरला वीज देणारे संपर्क काळे पडलेले असू शकतात, म्हणून जादा रिले लावून पाहणेच सोपे. पंखा चालू करून मोटरची अर्थ तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधला व्होल्टेज मोजावा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थचा बोल्ट काढून जागा घासावी.

सेन्सरसाठी तापमान दाखवणारा स्कॅनर मिळाला तर उत्तम. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर कूलंटचा आकडा बाहेरच्या हवेशी जुळायला हवा. स्कॅनरवर पी०४८० कोड आल्यास तो पंख्याच्या नियंत्रणमार्गातला दोष असतो.

दुरुस्तीनंतर पंख्याची दिशा तपासल्याशिवाय बॉनेट बंद करू नये, कारण तारा उलट जोडल्या तर साधी मोटर उलटी फिरते. रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा हवा इंजिनकडे ओढतो, म्हणून पुढच्या जाळीसमोर धरलेला कागद तिला चिकटला पाहिजे. मग गाडी जागच्या जागी चालू ठेवून पंखा आपोआप सुरू होतो, बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो, इथवर थांबावे.