डिस्कचा कंट्रोलर बदलला आणि विंडोज व्हीएम सतत रीस्टार्ट होतेय?

प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीवर) वेग वाढवायचा म्हणून डिस्क साटा या नेहमीच्या कंट्रोलरवरून व्हर्टआयओ स्कझी या व्हीएमसाठीच्या कंट्रोलरवर नेली, की विंडोज १० ची व्हीएम लोगोपर्यंत येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. डेटा शाबूत असतो, त्यामुळे घाईने पुन्हा इन्स्टॉल करू नका.

आधी एरर वाचा. दोन-तीनदा बूट फसलं की रिकव्हरी स्क्रीन येते. तिथे स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ९ दाबून आपोआप रीस्टार्ट होणं बंद करा. निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसलं तर कारण पक्कं: बूटच्या वेळी लागणारा ड्रायव्हर विंडोजकडे नाही.

विंडोज पुन्हा सुरू व्हावं म्हणून आधी व्हीएम बंद करून डिस्क डिटॅच करा. ती ‘अनयूज्ड डिस्क’ म्हणून दिसेल. डबलक्लिक करून साटावर परत जोडा. बूट ऑर्डरमध्ये तिच्यापुढे टिक करायला विसरू नका, बरेचजण इथेच अडकतात.

आता १ जीबीची रिकामी डिस्क स्कझीवर जोडा, कंट्रोलर ‘व्हर्टआयओ स्कझी’ ठेवा, सीडीला व्हर्टआयओ-विन आयएसओ (विंडोजसाठीच्या व्हर्टआयओ ड्रायव्हरांची फाइल) लावा आणि व्हीएम सुरू करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचा ‘स्कझी कंट्रोलर’ दिसेल. त्याला ‘व्हीआयओस्कझी’ फोल्डरमधला ड्रायव्हर द्या. (व्हर्टआयओ ब्लॉक वापरत असाल तर ‘व्हीआयओस्टोर’, हे दोन वेगळे आहेत.) ती छोटी डिस्क दिसू लागली की ड्रायव्हर बसला.

मग व्हीएम बंद करा, छोटी डिस्क काढा, मुख्य डिस्क स्कझीवर न्या, बूट ऑर्डर पुन्हा तपासा.

सोबत सीबायोसवरून (जुन्या पद्धतीचं बायोस) ओव्हीएमएफवर (नव्या पद्धतीचं, म्हणजे यूईएफआय) गेला असाल तर तो बदल आधी मागे घ्या. एमबीआर (जुन्या पद्धतीने पार्टिशन केलेली) डिस्क यूईएफआयमधून बूट होणार नाही.