सूक्ष्मदर्शकासाठी पोलादाचा नमुना कसा तयार करावा

मटेरियल सायन्स विभागातल्या धातू प्रयोगशाळेत नवख्या विद्यार्थ्याला बहुधा सुरुवातीलाच पोलादाचा तुकडा देऊन त्याची सूक्ष्मरचना, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी आतली ठेवण, दाखवायला सांगितले जाते. काम साधे वाटते. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते पोलादाचे की आपल्या घाईचे, हे त्याआधीच्या तयारीवर ठरते.

तुकडा कापताना चकतीवर पाण्याचा प्रवाह अखंड ठेवावा. कापलेला पृष्ठभाग निळसर झाला, तर तो तापला असे समजावे आणि तेवढा थर काढून टाकावा, कारण कठीण केलेले पोलाद अशा उष्णतेने नरम पडते आणि मग आपण मूळ रचनेऐवजी आपल्याच कापण्याचा परिणाम तपासत बसतो. लहान तुकडा हातात नीट धरता येत नाही म्हणून तो बेकेलाइट या कठीण प्लास्टिकमध्ये बसवतात. मात्र बेकेलाइटला दाबाखाली सुमारे 150 ते 180 अंश सेल्सिअस तापवावे लागते, त्यामुळे नुकत्याच तापवून पाण्यात विझवलेल्या (झटकन थंड केलेल्या) पोलादासाठी खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे इपॉक्सी हे राळेसारखे द्रव्य वापरणे शहाणपणाचे.

खरी परीक्षा घासण्यात असते. सिलिकॉन कार्बाइडचे कागद 220, 320, 400, 600 आणि 1200 या क्रमाने (आकडा मोठा तसा कागद बारीक), वाहत्या पाण्यात वापरावेत. प्रत्येक नव्या कागदावर नमुना 90 अंशांत फिरवावा, म्हणजे आधीचे चरे आडवे दिसतात आणि ते गेले की नाही हे डोळ्यांना कळते. ते दिसेनासे झाल्यावर लगेच थांबू नये. जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ पुन्हा घासावे, कारण प्रत्येक चऱ्याच्या तळाशी दबलेल्या, विकृत धातूचा थर उरतो आणि तो पुढे एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने पृष्ठभाग किंचित खाऊन रचना उघड करताना, हमखास वर येतो. झिजलेला कागद कापत नाही, नुसता चोळतो. कागद वाचवण्याची ही काटकसर महागात पडते. कागद बदलताना नमुना आणि हात दोन्ही धुवावेत, कारण जाड कागदाचा एकच कण बारीक कागदावर आला तरी सारी मेहनत वाया जाते.

पॉलिशिंगसाठी फिरत्या चकतीवरच्या कापडावर 6, 3 आणि शेवटी 1 मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) हिऱ्याची पेस्ट लावतात. नमुना एकाच दिशेने धरला, तर कठीण कणांमागे धूमकेतूच्या शेपटीसारख्या रेषा उमटतात, म्हणून तो चकतीच्या उलट दिशेने सावकाश फिरवत राहावा. आरशासारखा चकाकल्यावर, एचिंग न करताच एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. धातूत अडकलेले अधातूचे कण याच अवस्थेत स्वच्छ दिसतात.

एचिंगसाठी नायटल, म्हणजे इथेनॉलमधले सुमारे 2 टक्के नायट्रिक आम्ल, पुरते. आम्ल अल्कोहोलमध्ये थोडे थोडे, फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि चष्मा घालूनच मिसळावे. तीव्र मिश्रण झाकण लावून साठवणे धोक्याचे असते. काही सेकंदांत चकाकी मंदावली की नमुना लगेच पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन गरम हवेत वाळवावा.

सुमारे 0.4 टक्के कार्बनचे, सावकाश थंड केलेले पोलाद असेल, तर जवळपास निम्मे क्षेत्र पांढऱ्या फेराइटचे (जवळजवळ शुद्ध लोखंडाचे) आणि निम्मे काळसर पर्लाइटचे (फेराइट आणि लोह-कार्बाइडच्या एकाआड एक पट्ट्यांचे) दिसते. पर्लाइट 100 पट वर्धनाला नुसता काळा डाग वाटतो. 500 पटीला त्यातल्या पट्ट्या उलगडू लागतात. इंग्लिश शास्त्रज्ञ हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांना 1860च्या दशकात शेफील्डमध्ये अशा तयार केलेल्या पोलादाच्या नमुन्यांत दिसलेल्या शिंपल्याच्या अस्तरासारख्या झळाळीवरूनच त्याला पर्लाइट (इंग्रजी ‘पर्ल’, म्हणजे मोती) हे नाव मिळाले.

रचना फिकट दिसली, तर आणखी काही सेकंद एचिंग करावे. ती काळवंडली असेल, तर 1 मायक्रॉनच्या पॉलिशपासून पुन्हा सुरुवात करावी. धातूतल्या स्फटिककणांच्या सीमा ओलांडून सरळ रेषा धावताना दिसल्या, तर मात्र ते जुने चरे आहेत. तिथे पॉलिशिंग लांबवून भागत नाही, निमूटपणे 600च्या कागदाकडे परतावे.