पोटात लिम्फची गाठ असलेलं मूल: ऑपरेशनपर्यंत घरी काय बघायचं

माझी सगळी नोकरी मुलांच्या सर्जरी वॉर्डात झाली. सोनोग्राफीचा कागद पुढे धरून आई-बाप पहिला प्रश्न हाच विचारत, "सिस्टर, कॅन्सर आहे का हो?" नाही. या गाठीला लिम्फॅटिक मालफॉर्मेशन म्हणतात, म्हणजे लिम्फच्या (शरीरातल्या पेशींभोवतीचं पातळ पाणी रक्तात परत नेणाऱ्या) नळ्या गर्भातच नीट जुळलेल्या नसतात, त्यांच्या पाण्याने भरलेल्या पिशव्या होतात. पोटात त्या बहुतेकदा लहान आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात सापडतात. त्रास होतो तो अचानक, आणि तो ओळखायचं काम घरच्यांचं.

सगळ्यात आधी उलटीचा रंग बघा. दूध-भात बाहेर पडला तर एक वेळ थांबता येतं. उलटी हिरवी असेल तर गाठीच्या वजनाने आतड्याला पीळ पडला असं धरूनच चला. पीळ पडला की रक्त तुटतं आणि काही तासांत आतडं काळं पडतं. पाणी, ओवा, हिंग काही देऊ नका. उपाशीपोटीच न्या, आणि जिथे मुलांचा सर्जन आहे तिथेच न्या.

मूल पडलं, पोटाला मार लागला आणि पोट एकदम फुगून ओठ पांढरे पडले, तर पिशवीत रक्तस्राव झालेला असू शकतो. म्हणून बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंना स्पष्ट सांगा: पोट चोळायचं नाही. आजीला राग आला तरी चालेल.

ताप आणि दुखणारं, कडक पोट असेल तर गाठीत पू झालेला असू शकतो. उजवीकडे दुखलं तर नवा डॉक्टर अपेंडिक्स म्हणेल. मोठी, लिबलिबीत गाठ पोटात पाणी झाल्यासारखी दिसते, मग टीबीच्या तपासण्या सुरू होतात. सोनोग्राफी, एमआरआयची फाइल दाराजवळच लटकवून ठेवा.

सकाळी, दूध द्यायच्या आधी, निजवून बेंबीवरून टेपने पोटाचा घेर मोजा. आकडा कॅलेंडरवर लिहा. सर्दी-तापात गाठ थोडी वाढते, पुढे बहुधा उतरतेही. तरी फोन करा.

सिरोलिमस (गाठ आकसावी म्हणून देतात ते औषध) चालू असेल तर तापाला घरगुती औषध नको, रक्तातली औषधाची लेव्हल तपासायची चुकवू नका. गोवर-रुबेला, कांजिण्यांची लस किंवा पोलिओचे थेंब देण्याआधी डॉक्टरांना विचारा. बूथवरच्या ताईंनाही तसं सांगा, त्या समजून घेतात.