खोली एक, जादूगार दोन : रूममेटांवरची फँटसी कादंबरी कशी लिहावी

वसतिगृहात राहणाऱ्या दोन जादूगार रूममेट हा विषय घेतला की बहुतेक नवे लेखक आधी विद्यापीठाचा नकाशा आखतात, त्याला हजार वर्षांचा इतिहास देतात आणि दमून गेल्यावर पात्रांकडे वळतात. हा क्रम उलटा करावा. आरंभ खोलीपासून व्हावा : दोन पलंग, एक खिडकी, अपुरे पडणारे कपाट आणि एकमेकींना न निवडलेल्या दोन मुली. मैत्रीण निवडता येते, रूममेट बहुधा वाट्याला येते; कथेतला ताण या सक्तीच्या सहवासातून उपजतो. जादू वगळूनही तो टिकतो की नाही, हे पहिल्या खर्ड्यापूर्वीच एखादा प्रसंग लिहून तपासावे.

मग जादूचे नियम. कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी 2007 मध्ये मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते : वाचकाला जादू जितकी उमगलेली असेल, तितक्याच समाधानकारक रीतीने लेखकाला तिच्या आधारे पेच सोडवता येतो. रूममेटांच्या कथेसाठी मी त्यात एक भर घालेन. जादूची किंमत खोलीतल्या दुसरीलाही मोजावी लागली पाहिजे. समजा, प्रत्येक मंत्र भोवतालची ऊब शोषून घेतो. परीक्षेच्या आदल्या रात्री एकजण मंत्राचा सराव करत बसते. पहाटे दुसरीला जाग येते तेव्हा उशाशी ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो आणि तिची बोटे इतकी बधिर झालेली असतात की पेन हातात ठरत नाही. येथे नियम कळला, भांडणाला कारण मिळाले आणि स्पष्टीकरणाचा एकही परिच्छेद खर्ची पडला नाही. पुढे तिनेच आपली ऊब आपणहून देऊ केली, तर मैत्रीची कबुली एका शब्दाविना देता येईल.

दोघींचे सामर्थ्य सारखे ठेवू नये. जिला जादू कमी येते तिच्याकडे निवेदन सोपवणे मला अधिक फलदायी वाटते, कारण तिला पडणारे प्रश्न वाचकाचेच असतात. आलटून-पालटून दोघींनी बोलावे असे ठरवल्यास प्रकरणांवरील नावे झाकून वाचावे. कोण बोलते आहे हे ओळखता आले नाही, तर भाषा अजून वेगळी झालेली नाही असे समजावे. खलनायकाची घाई नको. पूर्वार्धात परीक्षा, गुपिते आणि वसतिगृहाचे नियम पुरेसे अडथळे उभे करतात.

वयाचा प्रश्न मात्र आधीच निकालात काढावा. यंग अडल्ट साहित्य साधारण 12 ते 18 वर्षांच्या वाचकांसाठी मानले जाते, तर महाविद्यालयीन पात्रे त्या सीमेवर किंवा तिच्या पलीकडे असतात; त्यांच्यासाठी सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनसंस्थेने 2009 मध्ये ‘न्यू अडल्ट’ ही संज्ञा पुढे आणली. किशोरवयीन वाचकच हवा असेल, तर पात्रे पहिल्या वर्षात ठेवावीत.

पुनर्लेखनात शेवटापासून मागे वाचत यावे. अखेरचा पेच ज्या मंत्राने सुटतो तो पहिल्या तृतीयांशात, शक्यतो एखाद्या क्षुल्लक भांडणात, दिसलेला असावा. नसल्यास तेथे जाऊन तो पेरावा.