माडाला कान लावायला शिका: नारळाच्या रोगनिदानात नव्याने येणाऱ्यांसाठी

कृषी पदविका हातात घेऊन मी वेंगुर्ल्याकडे माडांची कामं घ्यायला लागलो, तेव्हा माझ्याकडे पाठीवरचा पंप होता आणि औषधांची नावं तोंडपाठ होती. माड वाचायला मात्र येत नव्हतं.

एका वाडीत सात-आठ वर्षांचा माड होता. नव्या झावळ्या पंख्याच्या आकारात कातरलेल्या. ही गेंड्या भुंग्याची खूण. तो मिटलेल्या कोंबातून आरपार भोक पाडतो, आणि झावळी उमलली की घडी घातलेला कागद कापून उघडावा तशा दोन्ही बाजूंना सारख्या कातरण्या दिसतात. मी तारेच्या आकड्याने दोन भुंगे ओढून काढले, मालकाला दाखवले आणि घरी आलो. भोक तसंच उघडं ठेवलं.

चार महिन्यांनी बोलावणं आलं. कोंब मलूल झाला होता. मालकाची आई म्हणाली, “झिला, माडाक कान लाव.” लावला. आत कोणीतरी काकडी चावत बसल्यासारखी करकर ऐकू येत होती. भोकातून तपकिरी चिकट रस ओघळलेला, चघळलेल्या काथ्याचा भुगा आणि आंबूस वास. सोंड्या भुंग्याच्या अळ्या आत होत्या. ताज्या जखमेच्या वासावरच तो येतो, आणि ती जखम मी बंद केली नव्हती. पंधरवड्यात शेंडा कलंडला. आंब्याची एक फांदी गेली तर दुसरी फुटते. माडाला कोंब एकच. तो गेला की माड गेला.

म्हणून आता भुंगा काढला की जखमेत निंबोळी पेंड आणि वाळू भरतो. वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वाळूने झाकतो आणि दीड महिन्याने बदलतो. झावळी खोडालगत छाटू देत नाही, निदान मीटरभर देठ ठेवायला लावतो. चढायला खोडावर खाचा तर कधीच नाहीत. चढणं शिडीयंत्रावर शिका. नारळ विकास मंडळाने 2011 पासून त्याची प्रशिक्षणं चालवली आहेत. दुसऱ्याला वर चढवून खालून निदान करता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

तरीही वाडीत गेल्यावर पहिला अर्धा तास जमिनीवरच घालवा. आधी उकिरडा बघा. गेंड्या भुंग्याची मादी अंडी घालते कुजत्या शेणखतात, आणि इंग्रजी ‘सी’सारख्या वाकलेल्या गुबगुबीत अळ्या तिथेच वाढतात. खत उकरून त्या वेचा, खतात अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. शेजाऱ्याचा उकिरडा तसाच राहिला तर तुमची सगळी मेहनत वाया जाते, त्यामुळे शेजाऱ्याशी गोड बोलणं हाही या कामाचा भाग आहे.

पावसाळ्यात गोंधळ होतो तो कोंब कुजण्याचा. कोंब पिवळा पडला की नवखे लगेच सोंड्या म्हणतात. कोंब हलकेच ओढून बघा. बुडाशी कुजून, घाण वास मारत सहज हातात आला आणि खोडाला भोकं नसतील, तर ती फायटोफ्थोरा बुरशी. कुजलेला भाग स्वच्छ होईपर्यंत काढा, बोर्डो मलम लावा (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) आणि नवा कोंब येईपर्यंत पाऊस आत जाणार नाही असं झाका. शेजारच्या माडांवर 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारा. मिश्रण प्लॅस्टिकच्या पिंपातच करा आणि घासलेली कोयती त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

फळं बारकी, देठाशी तपकिरी खरबरीत चट्टे: तो इरिओफाइड कोळी. डोळ्यांना दिसत नाही, चट्ट्यावरूनच ओळखायचा.

सर्वांत अवघड काम म्हणजे न फवारणं. सर्पिलाकार पांढरी माशी भारतात 2016 मध्ये आढळली. झावळ्या काळ्या पडल्या की मालक बुरशीनाशक मागतो. पात उलटी करून त्याला अंड्यांची पांढरी वेटोळी दाखवा. काळी बुरशी माशीच्या चिकट गोड स्रावावर वाढते, रोग तो नव्हे. एन्कार्शिया नावाची बारीक गांधीलमाशी या माशीच्या पिल्लांत अंडी घालून ती संपवते. जहाल कीटकनाशक मारलंत तर आधी हीच मरते. पाण्याचा जोरदार फवारा द्या आणि थांबा. काही मालक तेवढ्यावर पैसे द्यायला कुरकुरतात, तरी ठाम राहा.

अडलं तर रत्नागिरीजवळ भाट्ये इथे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. जाताना फोटोबरोबर झावळीचा, फळाचा नमुनाही न्या.

आणि सोंड्याने मारलेला माड तोडला की ओंडका कुंपणाला टाकून ठेवू देऊ नका. त्या पहिल्या माडाचा ओंडका मी उभा फाडला, तेव्हा आत अळ्या होत्या आणि काथ्याने विणलेले कोषही. काहींतून भुंगे बाहेर यायला निघालेच होते. सगळं तिथेच जाळलं.