गाडीच्या एसीचा वारा कमी येतोय? गॅस भरण्याआधी या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये पुण्याहून सोलापूरला निघालो होतो. ब्लोअर (वारा ढकलणारा पंखा) चारवर, आवाज घोंघों करतोय आणि तोंडावर वारा फुंकर मारल्याइतका. इंदापूर मागे पडलं तोवर मागच्या सीटवर आईने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली होती. परत आल्यावर गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, "गॅस कमी झालाय" म्हणाला आणि गॅस भरून दिला. वारा होता तेवढाच. महिन्याभराने दुसऱ्या गॅरेजात पुन्हा तेच. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवला आणि केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, ओढून काढला. त्यावर राखाडी गोधडीच तयार झाली होती. कडुलिंबाची पानं आणि उंदराने आणून ठेवलेली शेंगांची टरफलं वेगळीच.

माझी चूक एकच, पण बहुतेकजण तीच करतात. वारा कमी येणं आणि वारा गार नसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. गॅस हवा गार करतो, ढकलत नाही. ढकलण्याचं काम ब्लोअरचं. तेव्हा आधी एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चारवर ठेवा आणि डॅशबोर्डवरच्या जाळीसमोर हात धरा. एसी बंद असतानाही वारा मंदच असेल, तर गॅसचा विषय तिथेच संपला.

मग कान लावा. ब्लोअर जोरात ओरडतोय पण वारा नाही, म्हणजे वाट कुठेतरी तुंबली आहे. आवाजच दबलेला असेल तर वायरिंग किंवा मोटर. पुढे आतली हवा फिरवण्याचं बटण दाबून पाहा. त्या स्थितीत वारा चांगला आणि बाहेरची हवा घेतल्यावर कमी, तर वायपरखालच्या जाळीत पालापाचोळा साचलेला असतो. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन्हीकडे सारखाच कमी असेल, तर संशय फिल्टरवर, कारण बहुतेक गाड्यांत दोन्हीकडची हवा त्यातूनच जाते.

फिल्टर काढून दोन मिनिटं ब्लोअर चालवणं ही उत्तम चाचणी. पण वारा झकास आला म्हणून फिल्टर न लावताच गाडी चालवत राहणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हवा जिच्यातून जाऊन गार होते त्या कूलिंग कॉइलच्या पात्या एसी चालू असताना ओल्या असतात. त्यांच्यावर धूळ बसली की तिचा चिखल होतो, तो वाळतो, पुन्हा भिजतो. काही महिन्यांनी वारा परत कमी होतो, कुबट वास येऊ लागतो, आणि कॉइल नीट साफ करायची तर अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. काहीशे रुपयांचा फिल्टर वाचवून हजारोंचं काम ओढवून घ्यायचं! जुन्या किंवा बेस मॉडेलच्या काही गाड्यांत मुळात फिल्टरच नसतो. तिथे तर कॉइलचीच शक्यता पहिली धरा.

कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. त्याचे तंतू एकमेकांना चिकटतात आणि तो आणखी चोंदतो. कॉम्प्रेसरची हवा मारली तर वरची धूळ उडते, पण जवळून मारल्यास कागद फाटतो. नवीन बसवताना कडेवरचा बाण पाहा. बहुतेक फिल्टरवर तो हवेच्या वाहण्याची दिशा दाखवतो, काहींवर फक्त वरची बाजू. दोन्हींत गल्लत होते.

आता विजेकडे. ब्लोअर एक-दोन-तीनवर मुका आणि फक्त चारवर चालतो, असं असेल तर मोटर बदलू नका. चार स्पीडच्या साध्या नॉबच्या गाड्यांत पहिले तीन स्पीड रेझिस्टरमधून, म्हणजे वीज अडवून वेग कमी ठेवणाऱ्या भागातून, येतात (गॅरेजात याचा 'रजिस्टर' होतो) आणि चौथा सरळ. म्हणून रेझिस्टर उडाला की चौथा तेवढा उरतो. ऑटोमॅटिक क्लायमेटच्या, म्हणजे ठरवलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या, गाड्यांत त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे हे लक्षण लागू होत नाही. मात्र नुसता रेझिस्टर बदलून निघू नका. तो वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण त्याला थंड ठेवणाराही तोच वारा. फिल्टर तुंबलेला असेल किंवा मोटर जड फिरत असेल, तर नवा रेझिस्टरही जळतो. त्याचा कनेक्टर तपकिरी पडलाय, वितळलाय का तेही बघा. आणि फ्यूज वारंवार जात असेल तर वरच्या अँपिअरचा टाकू नका. त्यापेक्षा मोटर किती करंट खेचते ते मोजून घ्या.

सहसा कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट: नवी किंवा दुरुस्त मोटर बसवल्यावर वारा आधीपेक्षा कमी आला, तर वायर उलट्या जोडल्या नाहीत ना हे तपासा. या पंख्याचा आकार पिंजऱ्यासारखा असतो. तो उलटा फिरला तरी वारा येतो, फक्त अगदी कमी. त्यामुळे "चालतेय की" म्हणून गाडी ताब्यात मिळते.

वारा जाळीतून कमी पण पायाशी किंवा काचेकडे भरपूर येत असेल, तर वाऱ्याची दिशा वळवणारी आतली झडप अडकली आहे. नॉब फिरवल्यावर डॅशबोर्डमागून टकटक ऐकू आली, तर झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दात गेले असण्याची शक्यता मोठी. नॉब जोर लावून पिळू नका. केबलची गाडी असेल तर केबल तुटते.

राहिला शेवटचा प्रकार, जो पावसाळ्यात कोकणात उतरताना हमखास भेटतो. सुरुवातीला वारा छान, अर्ध्या-पाऊण तासाने कमी होत जातो, गाडी थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा ठीक. कॉइलवर बर्फ धरतोय. दमट हवा, ब्लोअर एकवर आणि एसी पूर्ण, अशात हे लवकर होतं. लोक इथे ब्लोअर आणखी कमी करतात, मग बर्फ आणखी वाढतो. उलट करा: एसी बंद, ब्लोअर चारवर, दहा-पंधरा मिनिटं. गाडीखाली भरपूर पाणी पडेल, घाबरू नका. ते खाली न पडता डावीकडच्या मॅटवर आलं, तर पाणी बाहेर सोडणारी ड्रेनची नळी तुंबली आहे. बर्फ पुन्हा पुन्हा धरत असेल तर फिल्टर, कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर आणि गॅसचं प्रेशर, या क्रमाने तपासायला सांगा. वारा कमी होण्यामागे गॅस असू शकतो तो इथेच, आणि तेव्हाही आधी गळती शोधायची, मग भरायचा.